बंडीचं वंगण

"मोटार म्हणजे काय? लोखंडाचा बैल! ज्याले बैल समजला त्याले मोटार समजली, अन् ज्याले मोटार समजली त्याले जग समजलं!" सदाशिवराव देशाला उद्देशून म्हणाले. देश त्या वेळी अंगणात नव्हता. होत्या फक्त इंदुताई. त्यांना नवऱ्याचं कमरेखालचं अंग तेवढं दिसत होतं, कारण वरचं मोटारीखाली गेलेलं होतं. पायजम्याची नाडी सुटलेली होती.

आर्णीच्या बशीर मिस्त्रीनं मागच्या चाकांच्या ब्रेकची नवी पॅडं दिली होती, आणि "काका, गाडीच घेऊन या, मी बसवून देतो," असंही म्हटलं होतं. सदाशिवरावांनी पॅडं घेतली आणि बोलणं दुकानातच ठेवलं. यवतमाळच्या एका डॉक्टरची ही वापरलेली गाडी. चारही चाकांना डिस्क ब्रेक. ही गोष्ट ते जावयाचा पगार सांगावा तशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जावई अजून मिळायचा होता. उद्या लेकीला, दिपालीला पाहायला उमरखेडचे पाहुणे येणार होते, आणि सदाशिवराव स्वतः त्यांना या गाडीतून आणणार होते.

त्यांना आणून बसवायचं कुठे, हे मात्र इंदुताईंवर सोडलेलं होतं. ओसरीत, बांबूच्या ताटीमागे, आढ्यापर्यंत कापूस भरला होता. दिवाळीत वेचलेला, आता शिमगा आला. भाव चढल्याशिवाय मूठभरही विकायचा नाही, असं सदाशिवरावांनी जाहीर केलं होतं. भाव काही चढला नाही, कापसात किडे मात्र झाले. घरात जो तो खाजवत होता. दिपालीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, आणि उद्या तीच मान लोक पाहणार होते.

"अहो, ओसरी रिकामी करा म्हनलं ना मी? लोकायले कुठी बसवू, कापसावर?"

"आधी ब्रेक," मोटारीखालून उत्तर आलं.

ब्रेकचं काम जोरात चाललं होतं. झिजलेली पॅडं निघाली होती, पण पिस्टन आत जाईना. सदाशिवरावांनी तो दाबून पाहिला, ठोकून पाहिला, त्याच्या आईचा उद्धार करून पाहिला. शेवटी तो पिळत पिळत आत जातो हा शोध त्यांना लागला. पिळायला त्यांनी स्वयंपाकघरातली सांडशी घेतली होती. याच सांडशीनं उद्या पाहुण्यांच्या चहाचं भांडं उतरवायचं होतं. चाकातली काळी भुकटी ते कसल्याशा ब्रशनं घासत होते. इंदुताईंनी वाकून पाहिलं. ब्रश गुलाबी होता. निदान सकाळपर्यंत होता. सकाळी इंदुताईंनी त्यानंच दात घासले होते.

 त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

पॅडं बसवायच्या आधी सदाशिवरावांनी एरंडेलाची बाटली उघडली आणि दोन बोटांनी पॅडांवर जाडसर थर चढवला.

"हे काय करून राह्यले?"

"जुने ब्रेक किती कुरकुरत होते, ऐकलं ना? कोरडं पडलं की कुरकुरतेच. बैलबंडीचा आस कुरकुरला की आपण काय लावतो?"

"पण ब्रेक धरायसाठी असते ना हो? त्याले बुळबुळीत काहून करता?"

"तुले यातलं समजत नाही," सदाशिवराव मायेनं म्हणाले.

बंडीच्या आसाला त्यांनी जन्मभर एरंडेलच लावलं होतं, आणि बंडीनं कधी तक्रार केली नव्हती. बंडीला ब्रेकही नव्हता.

चाकं चढली. जॅक निघाला. सदाशिवराव गाडीत बसले, हँडब्रेक सोडलेला आहे याची खात्री केली आणि चाकाखालचा दगड काढायला दिपालीला सांगितलं. तिनं काढला. अंगणाला ओसरीकडे थोडा उतार होता. गाडी मागे सरकली. सदाशिवरावांनी ब्रेक दाबला. तो थेट तळाला टेकला. नवी पॅडं बसवली की पेडल आधी चार-सहा वेळा दाबून भरून घ्यावं लागतं. बैलाला तसं काही लागत नाही. मग त्यांनी हँडब्रेक ओढला. हँडब्रेक धरतो मागची चाकं, आणि मागच्या चाकांना एरंडेल होतं.

गाडी सावकाश, घरच्या माणसासारखी ओसरीत गेली. ताटी मोडली, कापूस कोसळला. आवाज असा झालाच नाही. दिवाळीपासून पडून असलेला कापूस पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडला.

"बाबा! लागलं का?" दिपाली ओरडली.

बऱ्याच वेळानं खिडकीतून सदाशिवराव निघाले. भुवयांना, मिशीला, कानात, सगळीकडे कापूस. इंदुताईंनी चाकाजवळचा मूठभर कापूस उचलला. तो काळा आणि चिकट झाला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून नवऱ्याच्या नाकासमोर नेला.

"घ्या. तेलही लावून झालं. आता वाती वळत बसा. अन् उद्या पाहुण्यायले काय सांगू, ते बोला."

सदाशिवराव छाती भरून उभे राहिले. उजवा हात वर गेला. काहीतरी मोठं येणार, हे दोघींनी ओळखलं. पण हात तसाच मानेमागे गेला आणि तिथून खाली पोचेना. त्यांनी तोंडातला कापूस काढला.

"ते पाहू मग. तुझा तो ब्रश आन आधी, अन् पाठ खाजव जराशी."