दरवानाचा दुसरा प्रश्न

दारावर पहिली थाप पडली आणि दरवान मामाने घसा खाकरला.

सभागृह गच्च भरलं होतं. न्यायालयाच्या नव्या मुख्य न्यायाधीश बंद दाराबाहेर उभ्या होत्या. रीत जुनी होती. त्यांनी बाहेरून तीनदा थाप मारायची, दरवानाने आतून एकेक प्रश्न विचारायचा, आणि आलेलं उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचं. तिसऱ्या उत्तरानंतर दार उघडायचं. एकतीस वर्षांत मामाने असे सहा मुख्य न्यायाधीश आत घेतले होते. सातवी त्याची मुलगी होती.

हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनेच फोनवर बजावलं होतं, "इतक्यात बोलू नका, बाबा. लोक वशिला म्हणतील."

"दरवानाचा कसला गं वशिला? फार तर दार लवकर उघडेन."

ती हसली होती. मग म्हणाली होती, "त्या दिवशी रजाच घ्या. गुडघे दुखतात तुमचे. घरी आराम करा, फोटो मी पाठवीन."

मामाने हो म्हटलं आणि रजेचा अर्ज केलाच नाही. लेकीला चकित करायचं होतं. शिवाय दुसरा प्रश्न त्याला स्वतःच्या तोंडाने विचारायचा होता. त्याच्या उत्तरात बापाचं नाव घ्यावं लागतं. पंचविशीपर्यंत तो हजेरीला अंगठा लावायचा. मग तिच्याच पाटीवर, तिच्याकडून टपल्या खात, तो ते नाव लिहायला शिकला. पण कचेरीत ते कुणी घेत नसे. सगळ्यांचा तो मामा. तिच्या सासरी तो अजून गेला नव्हता. बोलावणं आलं नव्हतं. मोठ्या माणसांना सवड कुठे असते, असं तो स्वतःलाच सांगे.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

बाहेर शांतता. जरा जास्तच. शेजारी उभ्या असलेल्या प्रबंधकांनी भुवया उंचावल्या. मामा मनात हसला. ओळखला आवाज पोरीने.

तिने नाव सांगितलं. आडनाव सासरचं. मामाने ते खणखणीत आवाजात पुढे सांगितलं.

दुसरी थाप पडली. हलकी.

"कुणाची मुलगी?"

आता शांतता इतकी लांबली की पुढच्या रांगेतली तिच्या सासरची माणसं माना वळवून पाहू लागली. मामाने कान दाराला लावला.

"दिवंगत," ती म्हणाली, आणि त्यापुढे तिने त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव.

मामाचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला. कुणीतरी खोकलं.

"मामा," प्रबंधक कुजबुजले, "सांगा ना. ऐकू नाही आलं का?"

"आलं."

तो सभागृहाकडे वळला. नाव सांगितलं. नावाआधीचा शब्दही सांगितला, एक अक्षर न गाळता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तिसरी थाप.

"कशासाठी?"

"न्याय करण्यासाठी."

तेही त्याने सांगितलं आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.

काळा झगा सावरत ती आत आली. त्याच्यासमोर तिचं पाऊल अडलं. रीतीप्रमाणे मामा कमरेतून वाकला. सरळ होऊन पाहतो तो ती पुढे गेली होती. टाळ्या सुरू झाल्या.

प्रबंधक त्याच्याकडे बघतच राहिले. "मामा, तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं. मॅडम ओळखीच्या आहेत की काय?"

मामाने दार लोटलं. कडी घातली.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "त्यांच्या वडलांना ओळखत होतो."