काचेची वाटी

"कुणी झाकला हा थर?" ऋजुता प्रयोगशाळेत कडाडलीच. उन्हापासून वीज करणाऱ्या तिच्या सौर घटाचा ओला थर उघड्यावर झटपट वाळायला हवा होता आणि त्यावर कुणीतरी काचेची वाटी पालथी घातली होती.

"मी," झाडू थांबवून सगुणामावशी म्हणाल्या. "ओलं उघडं ठेवू नये, ताई. धूळ बसते."

तीन वर्षं वीज वाढेना, त्यात हे! तरी थर वाळल्यावर तिनं घट दिव्याखाली धरून वीज मोजली. आकडा नेहमीच्या दुप्पट.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कारण दिसलं. सावकाश वाळताना थरातली दोन द्रव्यं केसाहून हजारो पट बारीक धाग्यांनी एकमेकांत गुंफली होती. विजेला वाट सापडली होती.

"भातही झाकूनच मुरतो की," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऋजुतानं नव्या थरावर वाटी पालथी घातली आणि हाक मारली, "मावशी, किती वेळ ठेवू?"