शेवटचं चांगलं चित्र

केतकीने वरणभाताचा घास बाबांच्या ओठांशी नेला, तसे ते दचकून मागे सरले.

"अजून रागावलीयस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, बाबा."

गेल्या सोमवारी गोळी चुकवली म्हणून ती त्यांच्यावर ओरडत होती आणि नेमके तेव्हाच त्यांचे कृत्रिम डोळे अडकले. तेव्हापासून मान कुठेही वळवली, पापण्या मिटल्या, तरी त्यांना तिचा तोच संतापलेला चेहरा दिसत होता.

या डोळ्यांना चित्र पुरवणारा संगणकीय प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जगभरातले लोक मिळून, हौसेने लिहीत. चित्र बिघडलं तर अंधार न करता शेवटचं चांगलं चित्र धरून ठेवायचं, ही त्यातली सोय केतकीचीच. सात वर्षांपूर्वी तिचं केवढं कौतुक झालं होतं.

आता ती सोय बंद करता यावी, असा बदल तिने लिहून पाठवला होता. पण स्वतःचा बदल स्वतः मंजूर करायचा नाही, हा तिथला दंडक, आणि मंजुरीशिवाय डोळे कुठलाच बदल स्वीकारत नसत. आज दुपारी तपासणाऱ्याचा नकार आला. कारण म्हणून त्याने केतकीचंच जुनं वाक्य जोडलं होतं: 'माणूस सगळ्यांत जास्त अंधाराला घाबरतो.'

बाबांनी चाचपडत तिच्या गालावर हात ठेवला. बोटं ओली झाली.

"रडतेयस होय," ते हळूच म्हणाले. "मग तेवढं ओरडणं थांबव की आता."