चार खळगे

पिशवीवर स्पष्ट लिहिले होते की खत पसरल्यावर चाळीस मिनिटे भरपूर पाणी द्यावे. थोरल्याने पाचव्या मिनिटालाच नळ बंद केला.

बाकीचे काम त्याने नेहमीच्या शिस्तीत केले होते. हिरवळीचे क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी चौरस मीटर. तेवढ्याला पुरेल इतके खत स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेतले, त्याचे दोन समान भाग केले. एक भाग खत पसरायच्या हातगाडीने उभा पसरला, दुसरा आडवा. मग चार कोपऱ्यांतल्या खुंट्यांना दोरी बांधून तीवर पुठ्ठ्याची पाटी अडकवली : ‘पाय ठेवू नये.’ गेल्या दोन वर्षांत ही दोरी क्वचितच सुटली होती. कधी खत, कधी तणनाशक, कधी नवे बी. हिरवळीला काही ना काही चालूच असे.

“एवढ्यात बंद केलंत?” बायकोने पायरीवरून विचारले. “पिशवीवर तर चाळीस मिनिटं म्हटलंय.”

“पिशवीवाल्याला आपल्या जमिनीचा उतार माहीत नाही.”

त्याने खिशातली, सपाटी तपासायची पाणसळ काढून तिच्यापुढे धरली. सकाळीच मोजमाप झाले होते. जमीन कुंपणाकडे बारा सेंटिमीटरने उतरत होती, आणि त्या गुडघाभर कुंपणापलीकडे धाकट्या भावाची हिरवळ होती.

“दोन वर्षं खत मी घालतोय आणि पाण्याबरोबर ते जातंय त्याच्याकडे. नाहीतर मला सांग, हा गृहस्थ मनात आलं तर महिन्यातून एकदा कापणीचं यंत्र फिरवतो. त्याचं गवत आपल्यापेक्षा हिरवं कसं?”

“भाऊजींना विचारून बघा ना, काय घालतात ते.”

“काय घालणार? माझंच खत! या वेळी एक थेंब पलीकडे जाऊ देणार नाही.”

पलीकडे आई बसली होती. आई राहायला थोरल्याकडे. जेवण, झोप, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, सगळे थोरल्याकडे. पण ऊन उतरले की काठी टेकत ती फाटकातून बाहेर पडे आणि धाकट्याच्या हिरवळीवर, वेताच्या खुर्चीत, अनवाणी पाय गवतावर ठेवून बसे. खुर्चीची जागा ठरलेली होती. तिच्या चार पायांनी तिथे चार खळगे पाडले होते. रोज सकाळी दात घासताना थोरल्याला ते खिडकीतून दिसत.

“दादा, झालं का इंजेक्शन देऊन?” धाकट्याने बसल्या जागेवरून हाक दिली. “पेशंटला आता किती दिवस भेटता येणार नाही?”

“दहा,” थोरला गंभीरपणे म्हणाला.

आई खळखळून हसली. तिचे असे हसणे त्याला नेहमी कुंपणापलीकडूनच ऐकू येई.

“अरे, ये की इकडे घटकाभर,” ती म्हणाली.

“हात खताचे आहेत,” असे म्हणून तो पाइप गुंडाळू लागला.

त्या आठवड्यात ऊन कडक पडले. नवव्या दिवशी सगळी हिरवळ जळालेली होती. गाडी जिथून जिथून फिरली होती तिथे उभे-आडवे पिवळे पट्टे उमटले होते, आणि जिथे ते एकमेकांना छेदत होते तिथे गवत तांबडे पडले होते. रेषा इतक्या सरळ होत्या की आलेखाचा कागद अंथरल्यासारखे वाटावे. थोरला कुंपणाच्या कडेने तीन वेळा चालून आला. त्याच्या हिशेबाने एव्हाना पलीकडचे गवत फिकट पडायला हवे होते. ते होते तसेच हिरवेगार होते.

धाकटा कुंपणापाशी आला. त्याच्या ओठांवर काहीतरी आले होते, पण भावाचा चेहरा पाहून त्याने ते गिळले.

“पाणी मार भरपूर, दादा. मुळं जिवंत असतील.”

त्याने थट्टा केली असती तर बरे झाले असते, असे थोरल्याला वाटले. तो दोरीवरची पाटी काढून घेऊन खाली बसला आणि खुंट्यांच्या गाठी एकेक करून सोडू लागला.

ऊन उतरले होते. आई काठी घेऊन पायऱ्या उतरली, फाटकाकडे निघाली आणि मध्येच थांबली.

“दोरी काढतोयस?”

“आता जपण्यासारखं राहिलंय काय?”

“मग पाय ठेवला तर चालेल?”

थोरल्याने वर पाहिले. “म्हणजे? तुला कोणी अडवलं होतं?”

आई त्याच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पाटीकडे पाहत होती. मग त्यानेही खाली पाहिले. अक्षर त्याचेच होते, पट्टी लावून काढलेले.

तो उठला, कुंपण ओलांडून पलीकडे गेला आणि वेताची खुर्ची उचलून घेऊन आला. धाकटा नुसता पाहत राहिला. थोरल्याने खुर्ची बरोबर मध्यभागी मांडली. आईने चपला काढल्या, वाळक्या गवतावर जपून पावले टाकली आणि बसली. खुर्ची डुगडुगली.

“टोचतंय जरा,” ती म्हणाली. “आणि ही हलतेय रे.”

त्याचा हात सवयीने खिशातल्या पाणसळीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि आईसकट ती सगळा भार घालून खाली दाबली.

“अरे, अरे, करतोस काय?”

“थांब, आई,” तो धापा टाकत म्हणाला, “खळगे पडू देत.”