मॅट की ग्लॉसी?

डिजिटल प्रिंटच्या दुकानात दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते, आणि या काकूंचं कागदाचं काही ठरत नव्हतं. छापायचा होता एकच फोटो, लेक-जावयाचा. नमुन्याचा एकेक कागद त्या बोटांनी चोळून बघत होत्या.

"काकू, डोळे मिटून मॅट घ्या," मी वैतागून म्हणालो. "ग्लॉसीवर बोट लागलं की ठसा उमटतो. सारखं पुसत बसाल."

"नक्की उमटतो?"

मी ग्लॉसी कागदावर अंगठा टेकवून दाखवला.

"मग हाच द्या."

मी कपाळाला हात लावला. "अहो, एवढं सांगितलं ते काय उगाच?"

काकूंनी आवाज खाली आणला. "लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून आमच्या ह्यांनी तिचं नाव टाकलंय. तिच्या फोटोला हातसुद्धा लावणार नाही म्हणतात. पण मी बाजारातून आले की घरातल्या तिच्या जुन्या फोटोची जागा बदललेली असते. घरात माणसं आम्ही दोनच."

मी ग्लॉसी कागद मशीनला लावला.



"एकदा ठसा सापडू दे," त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी लेकीला घरी बोलावते."