पाहुण्याचं पाणी

उत्तर घानातल्या आमच्या खेड्यांत काम विचारण्याआधी पाहुण्याला पाणी देतात, आणि ते नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. गावोगावी स्वच्छ पाण्याचे पंप बसवणाऱ्या संस्थेचा मी प्रमुख. सनातूआजींच्या गावाला पंप कधी मिळणार, हे मीच ठरवणार होतो. त्यामुळे आजींनी भोपळ्याच्या वाडग्यातून दिलेलं तळ्याचं पाणी मी वर्षभरात सहा वेळा हसतमुखाने प्यायलो. मग जीपमध्ये बसून पोट बिघडू नये म्हणून गुपचूप गोळी गिळायची, आणि हे शौर्य देणगीदारांना विनयाने ऐकवायचं.

सातव्या वेळी थोडं पाणी बाटलीत घेऊन तपासलं. चोवीस तास उबवूनही त्यात एकही जंतू वाढला नाही. साहजिकच मी आधी तपासणीच्या यंत्राला दोष दिला, आणि मग आजींना गाठलं.

“आजी, तुमच्या तळ्याचं पाणी इतकं शुद्ध कसं?”

“तळ्याचं आम्ही पितो, लेका. तू येणार कळलं की पलीकडच्या गावच्या पंपावरून आणते. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. पाहुण्याला कोणी घाण पाणी पाजतं का?”

माझ्या पिशवीत माझ्याच सहीचा अहवाल होता: ‘या गावाला स्वच्छ पाण्याचं महत्त्व कळलेलं नाही. आणखी एक वर्ष जनजागृती, मगच पंप.’

“स्वच्छ पाण्याबद्दल शिकवायला परत कधी येतोस?” आजींनी विचारलं. “दोन दिवस आधी कळव. हल्ली गुडघे दुखतात माझे.”