पाचवा फोन

सणाची देवी कानबाई घरात बसली होती. पर्वत पाटियाच्या त्या दोन खोल्यांत ढोल घुमत होता आणि लूमवरच्या कामाला दांडी मारून हेमराज बेभान नाचत होता. त्याच्या बायकोला, योगिताला, मात्र वायफायची चिंता. मागच्या सणाला पाहुण्यांना सांगितलेला पासवर्ड अख्ख्या बिल्डिंगभर झाला होता.

तिने नवा पासवर्ड टाकला आणि घरातल्या चौघांचे चार फोन स्वतःच्या हाताने जोडले. जोडलेल्या फोनच्या यादीत पाच दिसले.

तिने पुन्हा बदलला. पुन्हा पाचच.

शेजारी सासू धुरपदाबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी माणशी एक मूठ गहू काढत होती. चार मुठी झाल्या, तरी तिने पाचवी भरली.

"ही कोणाची, आई?"

"जो येल शे, त्यानी," म्हातारी गालात हसली.

जो आलाय, त्याची? योगिता चरकली. सकाळीच कळलेली गोड बातमी तिने अजून हेमराजलाही सांगितली नव्हती.

पाचव्याला ब्लॉक करायला उचललेला अंगठा तिने आवरला. हसू दाबत, फोनवर नजर ठेवून ती गच्चीच्या जिन्याकडे निघाली.

"हळू चढ वं पोरी!" मागून सासू ओरडली.

पायरीगणिक यादीत तिच्या फोनची रेंज उतरत गेली. तिच्या बरोबरीने पाचव्याचीही.